फार जपलेल्या रायफलची झीज

हाउन्सलोच्या आमच्या घरातल्या सगळ्यात लहान खोलीत एक लोखंडी कपाट भिंतीला आवळून बसवलेलं आहे. त्यात माझी रायफल असते. कपाटाची किल्ली कुठे ठेवली आहे हे घरातल्या दुसऱ्या कुणालाही कळता कामा नये, असा इथला नियम. बायको इथे होती तेव्हा तो पाळताना माझी तारांबळ उडायची, कारण घरातली कुठलीही वस्तू तिच्यापासून लपून राहत नसे. आता नियम पाळणं फार सोपं झालं आहे. तरी मी किल्ली लपवतो, आणि दुसऱ्या दिवशी मलाच ती शोधावी लागते.

बायको दोन वर्षांपूर्वी पुण्याला गेली. भांडून नव्हे. आम्ही दोघंही इथल्या हॉस्पिटलमधून निवृत्त झालो. आता परत जाऊ, असं ती म्हणाली. मी म्हणालो, तू पुढे हो, मी घराचं बघून येतो. घराचं बघून झालं. मग मी ही रायफल बनवायला टाकली आणि मला नवं निमित्त मिळालं. ती भारतात नेता येत नाही, आणि टाकून तरी कसा येऊ? वास्तविक ती विकता येते, डीलरकडे ठेवताही येते. पण ज्याला निमित्तच हवं आहे त्याला हे सांगून काय उपयोग.

नेमबाजीच्या क्लबातल्या कागदी निशाणांवर झाडायची ही साधी पॉइंट टू टू बोअरची. गोळी सुटली की आतला बोल्ट आपसूक मागे जातो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि पुढे येताना नवं भरतो. नळी एकाची, बोल्ट दुसऱ्याचा, दस्ता माझ्या खांद्याच्या मापानं कोरून घेतलेला. वेगवेगळ्या ठिकाणचे भाग, त्यामुळे सुरुवातीला ते एकमेकांना घासतात. धातूवर जिथे चकाकी येते तिथे झीज चालू आहे, तेवढ्याच जागी तेलाचा हात फिरवायचा, असं बनवणाऱ्यानं बजावलं होतं.

मी तेल घातलं ते दिवाळीच्या आंघोळीसारखं. चार आठवड्यांत बोल्ट अडखळायला लागला. फोनवर बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, शिवणाच्या मशिनला एक थेंब घालतात. तुम्ही बुधली ओतली असणार." तिचं खरं होतं. काडतुसातल्या दारूची काजळी तेलात कालवली जाते, त्याचा काळा लगदा होतो आणि तो लगदाच धातू खातो. अति तिथे माती. मग मी सगळं पुसून काढलं, बोल्ट ज्या दोन कडांवरून सरकतो त्यांना बोटानं ग्रीसचा पातळ थर दिला, थकलेली स्प्रिंग बदलली. चकाकीचा पट्टा वाढायचा थांबला. भूल दिलेला पेशंट नीट जागा झाला की मला जसं हायसं वाटायचं, तसं वाटलं. आयुष्यभर लोकांना झोपवलं, आता मलाच झोप येत नाही, तेव्हा असली समाधानं मी सोडत नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी रायफल उघडायला लागलो. हिवाळ्यात इथे चारलाच अंधारतं. छपरावरून विमानं उतरत असतात, बसमधून शाळेची मुलं ओरडत उतरतात, आणि मग गल्ली गप्प होते. मी टेबलावर जुनी चादर अंथरायचो, भाग एकत्र धरणाऱ्या पिना काढायचो, बोल्ट बाहेर घ्यायचो, काही नसलं तरी पुसायचो आणि पुन्हा जोडायचो. हात कामात असले की घर रिकामं आहे हे तेवढं बोचत नाही. मला ती वेळ आवडायची.

एप्रिलमध्ये रायफल खुळखुळायला लागली. गोळ्या निशाणावर कुठेही जायच्या. आमच्या क्लबात एक बाई येते, मूळची नागपूरची, राहते इल्फर्डला, हीथ्रोवर विमानांच्या देखभालीची इंजिनियर आहे. आठवडाभरात समोर बसून मराठी बोलायला मला मिळतं ते तिच्याशीच. त्या शनिवारी तिनं नेहमीसारखं "जय भीम, डॉक्टर" म्हटलं, मी "जय भीम" म्हटलं आणि रायफल तिच्या पुढ्यात ठेवली. तिनं ती रिकामी आहे याची खात्री केली, उघडली आणि आत टॉर्च मारला.

"बोल्टच्या रेल्स एकदम परफेक्ट ठेवल्यात तुम्ही. बोल्टला वेअर ऑलमोस्ट नाहीच. पण ही पिन्सची होल्स बघा. ओव्हल झालीयेत."

"बनवणाऱ्याची चूक?"

"नाही हो. फायरिंगनं असं होत नाही, हे पिन काढून-घालून होतं." ती माझ्याकडे बघत होती. "शूटिंग आपण सॅटर्डेलाच करतो ना? मग ही उघडता कधी?"

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"रोज?"

"रोज."

"आमच्याकडेसुद्धा सांगतात, रीझन असल्याशिवाय विमानाचं पॅनल उघडायचं नाही. दर ओपनिंगला काहीतरी झिजतंच." तिनं पिन टेबलावर ठेवली आणि आवाज खाली आणला. "घरी कोणी नसतं का, डॉक्टर?"

"नसतं," मी म्हणालो. "फार एकटं वाटतं."

हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोला तर नाहीच. तिनं पाठीवर हात ठेवला नाही की उपदेश केला नाही. ती म्हणाली, "ही आता फायर करू नका. डीलरला द्या, रिपेअर करून तो विकेल. आणि तुम्ही पुण्याला जा ना."

सोमवारी मी ती डीलरकडे दिली. परतताना पिकॅडिली लाइनच्या ट्यूबमध्ये मला इतका आनंद झाला होता की समोरच्या अनोळखी म्हातारीकडे बघून मी हसलो. बायको काय म्हणेल याची तीन-चार वाक्यं मी मनात तयारही केली होती. घरी येऊन कोटही न काढता फोन लावला.

"रायफल विकायला दिली," मी म्हणालो. "मी येतोय."

पलीकडे मुलींचा कलकलाट ऐकू येत होता. ती सोसायटीतल्या मुलींना संध्याकाळी गणित शिकवते, हे मला ठाऊक होतं. ती त्यांना थांबा म्हणाली आणि दार लोटल्याचं ऐकू आलं.

"अरे वा, या की," ती म्हणाली. तिला खरंच बरं वाटलं होतं, आवाजावरून कळत होतं. "किती दिवसांसाठी? म्हणजे मागच्या खोलीत क्लास भरतो ना, तेवढे दिवस मुलींना सुट्टी देते."

मला "कायमचा" म्हणायचं होतं.

"पंधरा दिवस," मी म्हणालो.