आप्पा बघून सांगतील

आमचे आप्पा कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की पुढच्या दारानं आत शिरत नसत. घराला वळसा घालून मागं जायचे, परसू बघायचे, मोरीचं पाणी कुठं जातंय ते बघायचे आणि मग पुढं येऊन चपला काढायचे. माझ्यासाठी आलेल्या एका स्थळाच्या घरी त्यांनी हेच केलं. मुलाची आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडली, "कोन हाय रं मागं?" आप्पा शांतपणे म्हणाले, "पोरीचा बाप हाय. चालू द्या तुमचं." ते लग्न जमलं नाही. पुढंही कुठं जमलं नाही, पण त्याचं खापर आप्पांवर फोडण्यात अर्थ नाही. माझी जीभ पहिल्यापासून तिखट.

मंगळवार पेठेत आमच्या दारात दोन म्हशी असायच्या, पण आप्पांचं नाव झालं ते दुसऱ्यांच्या म्हशींमुळे. कुणाला म्हैस विकत घ्यायची असली की आधी आप्पांना न्यायचं, असा शिरस्ताच होता. पार शिरोळपासून माणसं यायची आणि त्यांना मोटारसायकलवर मागं बसवून घेऊन जायची. "आप्पा बघून सांगतील," एवढं म्हटलं की सौदा तिथंच थांबायचा. विकणाऱ्याचा चेहरा पडायचा तो वेगळाच.

म्हैस विकायची असली की काही मालक आदल्या वेळची धार काढतच नाहीत. कास तटतटून फुगते आणि नवखा माणूस भुलतो. आप्पा म्हणायचे, "सांगून गेलं की समदं भरल्यालंच दिसतंय. न सांगता जायाचं, आनि तीन येळा जायाचं." तीन वेळच्या धारा समोर काढल्याशिवाय ते हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. मी दहा-अकरा वर्षांची असताना हट्टानं त्यांच्याबरोबर एका गोठ्यावर तिसऱ्या धारेला गेले होते. तिथं त्यांनी मला कोपऱ्यात उभं केलं आणि कानात सांगितलं, "म्हशीचं मी बगतो. तू एवढंच बग, मालक आत आला की ती मान वळवती का आंग चोरती. बाकी समदं झाकता येतंय पोरी, ह्ये न्हाय झाकता येत." मालक आत आला आणि म्हैस भिंतीला चिकटली. मी आप्पांकडं बघून मान हलवली. त्या दिवशी माझ्या शब्दावर एक सौदा मोडला, याचा मला कितीतरी दिवस तोरा होता.

आई लवकर गेली. मी शाळेत शिकवायला लागले आणि घरात आम्ही दोघंच उरलो. गुडघे कुरकुरायला लागल्यावर आप्पांनी म्हशी विकल्या, पण लोक विचारायला येत राहिले.

ते पहिल्यांदा काय विसरले, हे मला नेमकं सांगता येत नाही. चहा घेतलेला विसरायचे, ते तर सगळेच म्हातारे विसरतात. मग एक दिवस शेजारच्या स्कूटरपाशी बादली घेऊन बसलेले दिसले. स्कूटरच्या सीटवर थोपटत होते, "उभी ऱ्हा गं बाई, उभी ऱ्हा." गल्लीतली माणसं हसली. मीही हसले. त्या हसण्याची मला आज फार लाज वाटते.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि हे आता वाढतच जाणार, हेही सांगितलं. पुढच्या वर्षभरात आप्पा तीनदा हरवले. एकदा तर जोतिबाच्या रस्त्याला सापडले, अनवाणी. म्हैस बघायला निघालो होतो म्हणाले. दिवसभरासाठी मी बाई ठेवली, ती पंधरा दिवस टिकली. दुसरी आठ दिवस. शेवटी मी शाळेला जाताना दाराला बाहेरून कडी घालायला लागले. एका दुपारी परत आले तर शेजारच्या वहिनी दारात उभ्या होत्या आणि आतून ठोकल्याचा आवाज येत होता. कडी काढली. आप्पांची बोटं सोलून निघाली होती, दाराला आतून रक्ताचे डाग होते. मला बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. "कोन मेलं कोंडून गेलं बग मला," ते म्हणाले. "तू आलीस, बरं झालं."

त्यांच्या बोटांना मी हळद लावली. कोंडून जाणारी आणि सोडवायला येणारी, दोन्ही मीच. नोकरी सोडावी असं त्या रात्री ठरवलं आणि सकाळी उठून शाळेत गेले. का गेले, याची कारणं माझ्याकडं पुष्कळ आहेत. ती सगळी खरीही आहेत. पण मला एवढंच ठाऊक आहे की तेव्हापासून मी आप्पांसाठी जागा शोधू लागले.

पहिली जागा भव्य होती. पुढं कारंजं, आत गुळगुळीत फरशी, टायवाला व्यवस्थापक. त्यानं रंगीत पत्रक हातात दिलं, योगाची खोली दाखवली, भजनाची खोली दाखवली. माणसं कुठं आहेत विचारल्यावर म्हणाला, "आत्ता त्यांची विश्रांतीची वेळ आहे, मॅडम." सकाळचे अकरा वाजले होते. मी नमस्कार करून बाहेर पडले आणि वळसा घालून मागं गेले. मागच्या व्हरांड्यात एका आजींना ओढणीनं खुर्चीला बांधलं होतं. त्यांच्या समोर पाण्याचा पेला होता, हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर. मी तो पेला त्यांच्या तोंडाला लावला. त्या घटाघटा प्यायल्या आणि मग रडायला लागल्या. मी तिथून निघून आले, याहून जास्त काही केलं नाही, हेही सांगून टाकते.

दुसऱ्या जागेत बांधलेलं कुणी नव्हतं. सगळं स्वच्छ, फिनाईलचा वास, आणि बारा माणसं बारा खाटांवर भरदिवसा गाढ झोपलेली. तिथली मदतनीस आत आली तेव्हा कुणी मानही वळवली नाही आणि कुणी अंगही चोरलं नाही. आप्पांनी मला या तिसऱ्या प्रकाराबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं, पण मी तिथूनही परत फिरले.

गौराक्काची जागा म्हणजे साधं बैठं घर. आठ माणसं आणि तीन बायका हाताखाली. गौराक्का पूर्वी दवाखान्यात नर्स होती, मूळची गडहिंग्लजकडची, घरात कानडी बोलणारी. मी आत गेले तेव्हा एक आजी तिला कचकचीत शिव्या देत होत्या आणि ती त्यांची नखं कापत कापत म्हणत होती, "दे की अव्वा, आनि दे. आजचा कोटा पुरा कर." वास येत होता, नाही म्हणत नाही. पण मागच्या तारेवर धुतलेल्या चादरींची रांग होती आणि कुणी आत अडकू नये म्हणून संडासाला आतून कडी नव्हती. मी विचारलं, "इथं कुणी पडतं का हो?"

"पडत्यात की," ती म्हणाली. "पडत न्हाईत म्हणून मी खोटं सांगनार न्हाय बाई. गेल्या महिन्यात एक अज्जा पडला, टाके पडले. तासाभरात त्येच्या लेकाला फोन केला. लई बोलला मला. ऐकून घेतलं."

आपणहून खोड सांगणाऱ्या मालकाचं आप्पांना फार कौतुक असायचं. मी दुसऱ्यांदा गेले ती जेवणाच्या वेळी, न सांगता. तिसऱ्यांदा दिवेलागणीला, कारण आप्पा त्याच वेळी सगळ्यात जास्त बिथरायचे. त्या वेळी घरात गोंधळच होता. एक आजोबा बोचकं बांधून निघाले होते, दोघी जणी रडत होत्या. गौराक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि त्या आठही जणांच्या माना तिच्याकडं वळल्या. बोचकंवाल्या आजोबांचा हात धरून ती अंगणात फेऱ्या मारायला लागली. "कुठल्या गावाला निघालायसा अज्जा? मी बी येते की." मी फाटकाला धरून उभी राहिले आणि मला रडू आवरेना. जागा सापडली होती. ती सापडू नये असंच मला आतून वाटत होतं, हे मला तेव्हा कळलं.

आता आप्पांना तिथं न्यायचं कसं? एरवी बाहेर पळणारे आप्पा, मी चला म्हटलं की दार ओलांडायला तयार नसायचे. गौराक्का म्हणाली, खरं सांगून बघा, रडतील, ओरडतील, पण सांगा. मला ते जमलं नाही. शाळेत पन्नास पोरांसमोर आवाज चढवणारी मी, बापापुढं माझी वाचा बसली. मी एक सोपी वाट काढली. सकाळी त्यांना पांढरा सदरा घातला, टोपी दिली आणि म्हटलं, "आप्पा, एक जागा बघायची हाय. मला त्यातलं काय कळतंय? तुमी बघून सांगा."

कित्येक महिन्यांत त्यांचा चेहरा तसा उजळला नव्हता. "न सांगता चाललोय न्हवं?" त्यांनी विचारलं. रिक्षातून उतरल्यावर ते थेट मागच्या बाजूला गेले. चादरी चाचपल्या, पाण्याच्या पिंपात हात घातला, स्वयंपाकघरातल्या पातेल्यावरचं झाकण काढून वास घेतला. गौराक्का त्यांच्यामागं मालकिणीसारखी अदबीनं फिरत होती. ते एका खाटेवर बसून गादी दाबून बघत होते, तेवढ्यात मी त्यांची पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि मागं न बघता बाहेर पडले.

दर रविवारी मी जायचे. पहिले काही महिने ते मला ओळखायचे आणि बघताच म्हणायचे, "अजून एक येळ बगायची ऱ्हायलीया. घाई करू नगंस." मी म्हणायचे, "बघा की सावकाश." गौराक्का माझ्याकडं बघायची आणि आपल्या कामाला लागायची. आप्पा तिथं खात होते, झोपत होते, त्यांची बोटं बरी झाली होती, वजन वाढलं होतं. मला पहिल्यांदाच झोप लागायला लागली होती. आपण खोटं बोललो ते किती चपखल बसलं, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

मग रविवारी मी गेले तरी ते काही म्हणेनासे झाले. आधी माझं नाव गेलं, मग चेहरा गेला. मी समोर बसायचे, ते पायांकडं बघत राहायचे. गौराक्का भरवायला आली की मात्र आ करायचे. घरी माझ्या हातून त्यांनी कधी घास घेतला नव्हता. मी ते बघायचे आणि मला बरं वाटायचं, आणि घरी येऊन मला जेवण जायचं नाही.

आप्पांना जाऊन आता वर्ष होत आलं. ते झोपेतच गेले, गौराक्काचा हात धरून, असं तिनं मला सांगितलं. त्याच्या तीन आठवडे आधीच्या रविवारी मी गेले तेव्हा ते अंगणातल्या बाकावर टोपी घालून बसले होते. चेहरा जागा होता, कित्येक दिवसांत नव्हता तसा. मला बघून सरकून बसले.

"या पावणं, बसा की. जागा बगायला आलायसा न्हवं?"

तिथं तशी माणसं यायची. मी "होय," म्हटलं.

"कुनासाठी?"

"वडलांसाठी."

त्यांनी मान डोलावली. घरावरून एकवार नजर फिरवली आणि मला ओळखीचा असलेला तो जुना, दमदार आवाज आला. "जागा चांगली हाय. म्या समदं बगितलंया, मागनं-पुढनं. बाई आत आली की मानसं मान वळवत्यात. खोट काडायला जागा न्हाय." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुमच्या घरात दुसरं कोन न्हाय व्हय?"

"मी आहे."

"मग?"

मी खाली बघितलं. शाळा, बाया, कडी, सोललेली बोटं, यातलं काहीही तोंडातून बाहेर पडेना. त्यांनाच माझी दया आली असावी. "आसूं द्या, आसूं द्या," ते म्हणाले. "समद्यांनाच जमतंय आसं न्हाय. ठेवा हितं. पर एक करा, त्येनला सांगून ठेवा. फशिवून आनू नगासा. मानूस वाट बगत बसतंय ओ. आता माजंच बगा. माजी पोरगी म्हनली, आप्पा, तुमी बगून सांगा. म्या कवाच बगून ठेवलंया. ती आली की तिला सांगायचं आनि घरला जायाचं. पर ती काय अजून आली न्हाय."

मी त्यांचे दोन्ही हात धरले. इतक्या महिन्यांत जे जमलं नव्हतं ते मोठ्यानं बोलले. "आप्पा, मीच हाय ती. मी तुमाला खोटं सांगून आनलं. बघायला न्हाय आनलं, ठेवायलाच आनलं. मला घरी सांभाळणं झालं न्हाय."

त्यांनी माझे हात हळूच सोडवले, परक्या बाईचे सोडवावेत तसे, आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "मला काय सांगतासा, बाई? तुमच्या वडलांना सांगा की."