कळसच्या खाटेवरची अमेरिकन बंदूक

"वाका! आवो पावणं, वाका म्हणते न्हवं का! पार खाली!"

मी वाकलो. एरवी मी इतक्या तत्परतेनं कुणाचं ऐकत नाही, पण उंबऱ्यापलीकडून आलेल्या त्या आवाजावर सबंध इंदापूर तालुका वाकला असता. माझ्या टकलावरून काहीतरी सुर्रकन गेलं आणि आत स्वयंपाकघरात पितळ घणघणलं. टण्!

"आता उठा," तोच आवाज म्हणाला. "एकच हुता. पाणी मागितलंय."

असा मी कळसला पोहोचलो. पण पोहोचायला आधी निघावं लागतं, म्हणून जरा मागे जातो.

मी जुन्या अमेरिकन हवेच्या बंदुका जमवतो. शिकारीच्या नव्हेत, दिवाणखान्यातल्या. शंभरेक वर्षांपूर्वी तिकडे हिवाळ्यात दारापर्यंत बर्फ साचला की माणसं घरात अडकायची. मग करायचं काय? आपल्याकडे पत्ते काढले असते. त्यांनी खुर्च्या भिंतीला लावल्या, समोर घंटीचं निशाण टांगलं आणि घरातल्या घरात नेम धरायला खास बंदुका काढल्या. ना दारू, ना धूर. नळीचं तोंड भिंतीला टेकवून आत दाबायचं, पोटातली स्प्रिंग आवळते, चाप ओढला की हवा फुस्स आणि निशाण टण्. सडपातळ, चकचकीत निकेलच्या, अक्रोडाच्या दस्त्याच्या या बंदुका म्हणजे लोखंडाच्या नर्तिकाच. आमच्या पुण्याच्या घरात पलंगाखाली अशा अनेक नर्तिका झोपलेल्या आहेत. आमच्या सौभाग्यवती त्यांना 'भंगार' म्हणतात. मी दुर्लक्ष करतो.

यातली एक जात मात्र मला झोपू देत नव्हती. नुसत्या चित्रात पाहिलेली. आणि एके दिवशी मार्केट यार्डात पेरू निवडताना कळसचा एक पेरूवाला सहज म्हणाला, "आमच्या गावात एक म्हातारा खाटंवर बसून घरातच बंदूक मारतो. नळी ढकलायची बंदूक हाय." माझ्या हातातला पेरू खाली पडला. तो उचलायलाही मी थांबलो नाही, सरळ गाडीत जाऊन बसलो. (सौभाग्यवतींच्या मते मी आधी घरी येऊन जेवलो, झोपलो आणि दुसऱ्या दिवशी निघालो. त्यांना तपशिलाची फार हौस.)

जेजुरीपुढे मोरगावचा फाटा चुकवून मी नीरेच्या रस्त्याला लागलो आणि पणदऱ्याच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलो. दोन ट्रॉल्या, वर आभाळाला टेकलेला ऊस, आणि स्पीकरवर लावणी. त्या ट्रॅक्टरमागे मी इतका वेळ होतो की पुढच्या उसाला फुटवे आलेले मी डोळ्यांनी पाहिले. शेवटी एक कांडं सुटून माझ्या बॉनेटवर आदळलं. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. मला वाटलं, माफी मागतोय.

"खावा, खावा," तो ओरडला. "गोड हाय!"

खाल्लं. गोड होतं. बॉनेटला खोक पडली ती पडलीच.

बारामतीचे रस्ते इतके गुळगुळीत की माझी गाडी आपले टायर लपवायला लागली. जळोचीत मी रस्ता चुकलो, कारण तिथं सकाळी जिथं ऊस असतो तिथं दुपारी इमारत उभी राहते आणि खुणेला काही उरतच नाही. मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या एका बाईंनी मला इंदापूरच्या वाटेला लावलं. पुढे दोन्हीकडे डाळिंब, द्राक्षं, पेरू, आणि कॅनॉलचं पाणी. कळसच्या पारावर मी बंदूकवाल्या आबांचं घर विचारलं तर एक जण हातातल्या मोबाइलवरून नजरही न उचलता म्हणाला, "गाडी बंद करा. टण् आयकू यील. तिकडं जावा."

आता पुन्हा उंबऱ्यावर येतो.

घर नवं, स्लॅबचं. हॉलच्या या टोकाला खाट, त्या टोकाला स्वयंपाकघराचं दार, आणि त्या दारातून नेमकी दिसेल अशी आत टांगलेली पितळेची परात. खाटेवर आबा. गुडघे गेलेले, म्हणून वर्षानुवर्षं खाटेवरच. मिशा मात्र अशा, की त्यांच्यावर दोन पोपट बसावेत. आणि मांडीवर ती! चित्रातली! निकेल जागोजागी उडालेलं, दस्ता हाताळून काळा कुळकुळीत, पण तीच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आबांना वाटलं, डोळ्यात दाणा गेला.

कारण आबा त्या बंदुकीत तूर घालत. आबांचे वडील कॅनॉलवर पाटकरी (पाणी सोडणारे) होते. तिथल्या बंगल्यातला गोरा साहेब जाताना बंदूक त्यांना देऊन गेला. त्याच्या गोळ्या दोन महिन्यांत संपल्या आणि तेव्हापासून तूर.

"देशी तूर पायजे," आबा म्हणाले. "हायब्रीड जाड असती, नळीत अडकती."

आबांच्या उजव्या हाताला चाळलेल्या तुरीची वाटी आणि डाव्या हाताला भिंतीत पडलेला खड्डा. नळी रोज तिथं टेकवून टेकवून तो इतका खोल झाला होता की पलीकडच्या खोलीतल्या कॅलेंडरची तारीख त्यातून वाचता यावी.

आबांच्या सूनबाई सुमनवहिनी पाणी घेऊन आल्या त्या कमरेत वाकून. त्या घरात सगळेच हॉलमधून वाकून चालत. कुत्रं तर पोटावर सरपटत गेलेलं मी पाहिलं.

"एक टण् म्हंजी पाणी," वहिनींनी मला समजावलं. "दोन म्हंजी चा."

"आणि तीन?"

"तीन म्हंजी सुमन, बाहीर ये, भांडू."

"मग तुम्ही येता?"

"येती की. न्हाय आलं तर आबा परातीचा नेम सोडून फ्रिजवर धरत्यात. आन संध्याकाळी फ्रिजखालची तूर कोण झाडणार? मीच!"

"झाडती आन आमटीत टाकती," आबा म्हणाले.

"टाकती! धुऊन टाकती! गपा!"

जेवायला बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ, गरम पेज). ते मी इतकं प्यायलो की उठताना आतून लाटांचा आवाज येत होता. आमटी वाढताना वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हटलं.

जेवण झाल्यावर मी विषय काढला. आबांनी बंदूक छातीशी धरली.

"ही दिली तर माजं आयकनार कोण ह्या घरात?"

"आबा, द्या की हो!" वहिनी दारातूनच म्हणाल्या. "माझं कंबरडं मोडलं वाकून वाकून. पावणं, घेऊन जावा तुमी, मी गाडीत ठिवती!"

मला एकदम सुचलं. मी म्हटलं, "आबा, मी तुम्हाला बेल आणून देतो. बटण दाबलं की वाजेल. नेम नको, तूर नको."

आबांनी बराच वेळ मिशीला पीळ दिला. "आनून तर बघा," ते म्हणाले.

मी तसाच इंदापूरला सुटलो. बाजारपेठेतल्या विजेच्या दुकानात बिनतारी बेल होत्या. चिमणीच्या, आरतीच्या, बाळाच्या रडण्याच्या. दुकानदारानं विचारलं, "कुणासाठी पायजे?"

"सुनेला हाक मारायला. सासऱ्यांसाठी."

त्यानं दयेनं माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांत मोठ्या आवाजाची काढून दिली. कोंबड्याच्या आरवण्याची.

कळसला परत येऊन बेल बसवली. आबांनी बटण दाबलं की कोंबडा आरवे आणि वहिनी हसत, ताठ मानेनं हजर. असं इतक्या वेळा झालं की परसातला खरा कोंबडा खुराड्याच्या कोपऱ्यात तोंड लपवून बसला. आबांचा नाइलाज झाला. त्यांनी शेवटचा दाणा भरला, शेवटचं टण् केलं आणि बंदूक माझ्या हातात ठेवली. वहिनींनी ती जुन्या लुगड्यात गुंडाळून स्वतः गाडीत ठेवली, एखाद्या मुलीची पाठवणी करावी तशी. फक्त रडल्या नाहीत. नाचल्या.

पुण्यात मी ती बंदूक पलंगाखाली घातलीच नाही. टीव्ही उतरवून तिथं टांगली. सौभाग्यवतींनी मालिका पाहण्याच्या वेळी तिच्याकडे असं पाहिलं की उरलेलं निकेलही उडालं असतं. पण मी सुखात होतो. आठवडाभर.

मग फोन आला. "आवो, बंदूक घेऊन या!" वहिनी ओरडत होत्या.

"बेल बिघडली का?"

"बेल झ्याक हाय. बेलीला काय धाड भरलीय! आबा उठलं!"

"म्हणजे?"

"म्हंजी उठलं! दोन दिस बटान दाबलं, तिसऱ्या दिशी म्हनलं, बटान काय, शेंबडं पोरगंबी दाबतंय. आन गेलं की चालत सैपाकघरात! सगळ्या गल्लीनं देवाला नारळ फोडलं. मीबी फोडला. माज्याच पैशाचा फोडला!"

"अहो, मग चांगलंच झालं की!"

"काय चांगलं? तवापास्नं ओट्याजवळ खुर्ची टाकून बसल्यात. कांदा आसा चिरत्यात व्हय, म्हनं. मीठ आत्ता नगं, म्हनं. भाकरीला कड न्हाय, म्हनं. जल्मात चूल पेटवली न्हाय त्या मानसानं! आधी मी नुसती वाकत हुती, आता वेड लागंल."

मी कुरकुर केली. सौदा रीतसर झाला होता, बेल वाजत होती, शब्द पाळला गेला होता.

"बरं," वहिनी शांतपणे म्हणाल्या, आणि ती शांतता ओरडण्यापेक्षा वाईट होती. "ऱ्हाऊ द्या बंदूक. पर मग आबाबी तुमीच न्या. उद्याच्या गाडीला बसवून देती."

जुनी वस्तू तिच्या मूळ साहित्यासकट मिळावी हे आम्हा संग्राहकांचं स्वप्न असतं. पण मूळ साहित्याला मिशा असतील आणि ते आमच्या ओट्याजवळ खुर्ची टाकून बसणार असेल, हे सौभाग्यवतींना सांगायची माझी छाती झाली नाही. मी बंदूक उतरवली. त्याआधी एकदा दस्त्यावरून हात फिरवला. खोटं कशाला बोलू, दोनदा फिरवला.

या वेळी ट्रॅक्टर आडवा आला नाही. आला असता तर बरं वाटलं असतं. कळसला वहिनींनी त्या बंदुकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. आबा स्वयंपाकघरातून तरातरा चालत आले, खाटेवर बसले, पाय वर घेतले, आणि त्यांचे गुडघे त्याच क्षणी पुन्हा गेले. नळी खड्ड्यात टेकली. वहिनी वाकल्या. कुत्रं वाकलं. मी वाकलो. टण्, टण्. वहिनी चहा टाकायला गेल्या, त्या चक्क गुणगुणत.

निघताना मला पेरूची पाटी मिळाली आणि बेल परत मिळाली. भिगवणपर्यंत मी फुगून गाडी चालवली. मग हळूहळू हवा गेली. माझ्या पलंगाखाली ज्या बंदुका आहेत त्या निशाण विसरून गेल्यात. घरात बसून टण् करायला जन्मलेली ही बंदूक, जगात कुठं अजून तेच काम करत असेल तर ती अमेरिकेत नाही, पुण्यात नाही, कळसला आबांच्या खाटेवर. ती मी भिंतीला टांगून ठेवणार होतो. टीव्हीच्या खिळ्याला!

ती बेल आता आमच्या घरी आहे. सौभाग्यवती दाबतात, कोंबडा आरवतो, मी उठतो.

एक प्रश्न मात्र मनातून जाईना. शेवटी मी कळसला फोन लावला.

"आबा, एक विचारायचं राहिलं. तुम्हाला चालता येत होतं, मग इतकी वर्षं खाटेवर का बसून राहिलात?"

पलीकडून आधी टण्, टण् ऐकू आलं. मग आबा म्हणाले,

"चा हितंच येत हुता की."