वहिनीच्या मधातलं धान

माझी वहिनी पवनीच्या आठवडी बाजारात मध विकते. तळ्याच्या पाळीवरचे करंज फुलले की थोरला भाऊ मोहोळ काढतो, वहिनी ते फडक्यात पिळते आणि गिऱ्हाइकाला ठासून सांगते, "करंजाचा हाय." मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. यंदा तिची एक बाटली प्रयोगशाळेत नेली. संशय म्हणून नव्हे, असं मी स्वतःला फार वेळा सांगितलं आहे.

मध कोमट पाण्यात विरघळवून यंत्रात गरगर फिरवला की तळाशी परागकण बसतात. त्यांच्या आकारावरून माशा कुठल्या फुलांवर गेल्या ते कळतं. सूक्ष्मदर्शकाखाली मला गोल, गुळगुळीत, एकच छिद्र असलेले कण दिसले. उन्हाळी धानाचे, म्हणजे भाताचे. करंजाचे कण शोधावे लागले.

पुढच्या बाजारी मी ते गिऱ्हाइकांसमोरच बोलून टाकलं. "वहिनी, यात करंज कुठाय? सारं धानच दिसतं."

शेजारची मिरचीवाली हसली. "धानाच्या फुलात कुठं मध रायते बाप्पा? मंग हे गोड कायचं, साखरेचं?"

एका गिऱ्हाइकाने हातातली बाटली खाली ठेवली आणि तो निघून गेला. माझ्यासाठी आणलेला डबा वहिनीने तरीही माझ्या हातात दिला. तो मी न उघडताच घरी नेला.

पण मिरचीवालीचं खरं होतं. धानाच्या फुलात मध नसतोच. मग इतका पराग आला कुठून? त्या दिवसांत अपराधीपणापेक्षा हा प्रश्नच मला जास्त छळत होता, हेही लपवत नाही.

भावाकडून मोहोळाचा एक तुकडा मागून घेतला आणि उजेडात धरला. वरच्या घरांत मेणाने झाकलेला मध होता. खालच्या काही घरांत मात्र पिवळट पराग ठासून भरलेला, माशांनी पिलांसाठी साठवलेला. धानातून त्या नुसता पराग आणत होत्या, आणि वहिनी पिळताना ही सगळी घरं एकत्र पिळत होती. मी तपासलं होतं ते पिलांचं खाणं.

झाकलेल्या घरांतला मध तेवढा सुईने काढून पुन्हा पाहिला. आता जिकडे तिकडे तीन खाचांचे छोटे कण. करंज!

तसाच गावी गेलो. वहिनी अंगणात धान पाखडत होती.

"वहिनी, मध करंजाचाच आहे. माझं चुकलं."

सूप थांबलं नाही. "मले कायले सांगून राहिले भाऊजी? बाजारात बोलले होते न, बाजारातच सांगा."

पुढच्या बाजारी मी तिने बाटल्या मांडलेल्या पोत्याशेजारी उभा राहिलो.

"आले का साखरवाले मास्तर?" मिरचीवालीने विचारलं.

मधाची घरं वेगळी, परागाची वेगळी, असं सांगू लागलो. दोघंतिघं थांबले, त्यांच्या मागे आणखी काही जण. मिरचीवालीही हातातला तराजू ठेवून ऐकू लागली. माझा आवाज जरा खाली गेला, तसं वहिनीने मला कोपराने ढोसलं.

"मांगच्यायले आयकू नाई येऊन राहिलं, भाऊजी."