तिट्टूच्या संघमअक्का

संघमअक्कांचे कान उत्तम होते. पलीकडच्या गल्लीत कुणी भेंडीच्या भावावरून घासाघीस केली, तरी त्यांना आपल्या दुकानात बसल्या जागी ऐकू यायची. फक्त 'नाही' हा एक शब्द त्यांच्या कानात शिरत नसे. 'बघू' म्हटलं की त्यांना 'हो' ऐकू येई. 'विचार करून सांगतो' म्हटलं की 'हो, आणि लवकर' असं ऐकू येई. कुणी अगदी तोंडावर 'जमणार नाही अक्का' म्हटलंच, तर त्या त्याच्याकडे जरा वेळ मायेनं पाहत आणि म्हणत, "बरें. मग सकाळीं ये." तो माणूस सकाळी येत असे. का येत असे, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मलाही आलेलं नाही.

तंजावूरच्या आमच्या पेठेला तिट्टु म्हणतात. तमिळमध्ये तिट्टु म्हणजे नदीतलं लहानसं बेट. आमच्या एका बाजूला कालवा आहे, दुसऱ्या बाजूला जुना खंदक. कालव्यावर गाड्यांचा पूल, खंदकावर एक पायपूल. एवढ्या भांडवलावर आम्ही स्वतःला बेटावरची माणसं समजतो आणि पुलापलीकडे जायचं झालं की 'गावात जाऊन येतो' म्हणतो. या बेटावर साड्या, भांडी, बांगड्या, खेळणी, चपला, चष्मे अशी दुकानं आहेत. माझं वह्या-पुस्तकांचं आणि झेरॉक्सचं आहे. आणि या सगळ्या दुकानदारांचा एक संघ आहे. त्याला संघम म्हणायचं. त्याचे अध्यक्ष म्हणजे साड्यांच्या मोठ्या दुकानाचे मालक. त्यांना सगळे तलैवर म्हणतात, म्हणजे पुढारी. पण पेठेला एखादी गोष्ट हवी असली की माणसं तलैवरांना नमस्कार करून पुढे अक्कांच्या भांड्यांच्या दुकानात जात. अक्का संघमच्या सेक्रेटरी होत्या.

सेक्रेटरी त्या कशा झाल्या, हीही गंमतच. आधी त्यांचे यजमान सेक्रेटरी होते. ते वारल्यावर, दिवसकार्य आटोपून अक्का संघमच्या खोलीची किल्ली परत करायला गेल्या. तिथे बैठक चालली होती. नवा सेक्रेटरी कोण, या प्रश्नावर सगळे सभासद छताकडे पाहत होते. "किल्ली कुणाला देऊ?" अक्कांनी विचारलं. एकही हात पुढे आला नाही. अक्कांनी किल्ली पुन्हा कमरेला खोचली, रिकाम्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मग पंखा तरी लावा." निवडणूक एवढीच झाली.

तिट्टूवर मराठी बोलणारी आम्ही दोनच माणसं. मला देवनागरी लिहिता येतं ते काही वर्षं सोलापुरात नोकरी केली म्हणून. अक्कांना येत नव्हतं. त्यांचं मराठी फक्त तोंडात होतं, जुन्या वळणाचं आणि तमिळ हेलाचं. "बसूनशी बोल", "कोठें गेला होतास बापा", असं त्या माझ्याशी बोलत; पेठेत बाकी सगळ्यांशी तमिळ. पाणी तापवायच्या मोठ्या भांड्याला आम्ही तंजावूरकर तमिळमधला शब्द वापरून 'अंडा' म्हणतो. सोलापूरचा माझा एक मित्र इथे आला असताना अक्कांनी त्याला मोठ्या अभिमानानं सांगितलं, "आमच्या घरीं आजींचा एक अंडा आहे. सारें घर त्यांत आंघोळ करीत होतें." तो बिचारा मान डोलावत राहिला. स्टेशनवर गाडी सुटताना त्यानं मला हळूच विचारलं, "अरे, त्या नक्की काय म्हणत होत्या?"

अक्कांचं एक ठरलेलं वाक्य होतं : "दुकान एकट्याचें असतें, गिऱ्हाईक पेठेचें असतें." हे वाक्य आलं की समजावं, काहीतरी काम अंगावर येतंय. उन्हाळ्यात पुलाजवळ ताकाचे रांजण ठेवायचे, पोंगलला प्रत्येक दुकानासमोर रांगोळी काढायची, दिवाळीत सगळ्यांनी एकाच रंगाचे दिवे लावायचे, असले उद्योग त्या संघमकडून करवून घेत. रांगोळीच्या स्पर्धेला परीक्षक त्याच. त्या सगळ्यांनाच पहिला नंबर देत. बक्षीस स्टीलचा डबा. मात्र ज्याची रांगोळी बेतास बात, त्याला झाकण घट्ट बसणारा डबा मिळत नसे.

तलैवरांचं आणि त्यांचं पटत नसे. तलैवर पांढरीशुभ्र वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं धोतर, नेसणारे, मोजकं बोलणारे, रागीट गृहस्थ. त्यांच्या दुकानात विक्रीला असलेल्या मुलींनी सकाळपासून दुकान मिटेपर्यंत उभंच राहायचं असा नियम होता. गिऱ्हाईकासमोर बसणं हा गिऱ्हाईकाचा अपमान, असं ते म्हणत. अक्कांनी बैठकीत हा विषय काढला. तलैवर म्हणाले, "पुढच्या वेळी बघू." अक्कांना काय ऐकू आलं ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच्या दुकानातलं स्टूल काखेत घेऊन साड्या घ्यायला गेल्या. काउंटरमागच्या मुलीला स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या, "मी उभी राहून बघते. तू बसून दाखव."

तलैवर गल्ल्यावरून उठून आले. "अक्का, हे काय?"

"माझा काही अपमान झाला नाही, तलैवरे. ती जांभळी काढ गं, खालची."

साडी त्यांनी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टूल घेऊन गेल्या. मग बांगडीवाल्याची बायको एक स्टूल घेऊन गेली, मग माझी. आठवडा संपायच्या आत तलैवरांनी दुकानात सगळ्या मुलींसाठी स्टुलं आणली. ही कल्पना आपलीच, असं ते आजही सांगतात. अक्का तेव्हा मान हलवून म्हणत, "होय, होय, फार चांगली कल्पना."

मग एका उन्हाळ्यात कालव्यावरच्या पुलाला तडे गेले. नवा पूल होईपर्यंत गाड्या बंद, अशी पाटी लागली आणि आम्ही खरोखरच बेटावरचे झालो. पायपुलावरून माणूस येऊ शकत होता, पण लग्नाची भांडी डोक्यावर घेऊन कोण पायपूल ओलांडणार? आडी महिन्यात, म्हणजे साधारण आषाढात, आमच्याकडे सगळ्या दुकानांत सूट असते, पेठेत पाय ठेवायला जागा नसते. त्या वर्षी पेठ ओस पडली. सूट आम्ही एकमेकांनाच देत बसलो.

अशात बातमी आली की तलैवरांनी नव्या बसस्टँडजवळ जागा घेतली आहे. साड्यांचं दुकान गेलं तर तिट्टूवर कुणी कशाला येईल? आधी साडी, मग बांगड्या, मग भांडी, असा लग्नघरांचा क्रम. चपलावाल्यानं लगेच जागा शोधायला सुरुवात केली. मीही घरात विषय काढला. अक्का तडक तलैवरांकडे गेल्या. मी बरोबर होतो.

"तलैवरे, जाणार म्हणून ऐकलं."

"जाणार अक्का. इलाज नाही."

"बरं. मग उद्या सकाळी थोडा माल बांधून ठेवा. टेम्पो ठरवलाय, पायपुलापलीकडे उभा राहील. ओरत्तनाडूला जायचं."

"अक्का, मी दुकान हलवतोय!"

"हो, हो. ते सावकाश हलवा. सकाळी मात्र लवकर या. गिऱ्हाईक येत नसेल तर आपण जाऊ."

ओरत्तनाडूचा दिवस आठवला की मला अजून हसू येतं, त्या दिवशी मात्र रडू येत होतं. बाजाराच्या तोंडाशी टेम्पो लावला आणि आम्ही सगळे एकदम आपापल्या मालाच्या नावानं ओरडायला लागलो. बांगडीवाला खेळणीवाल्यापेक्षा मोठ्यानं, खेळणीवाला त्याच्यापेक्षा मोठ्यानं. माणसं जमायची, कुणाचं ऐकावं ते न कळून निघून जायची. एक पातेलं घरंगळून साड्यांच्या गठ्ठ्यावर पडलं. तलैवर कुणी ओळखीचं पाहील म्हणून ड्रायव्हरशेजारी काच वर करून घामाघूम बसले होते. परतताना तंजावूर जवळ आलं तेव्हा अक्का म्हणाल्या, "उद्या पापनाशम. उद्या बदल करायचा."

"कुठला माल आणू?" खेळणीवाल्यानं विचारलं.

"माल हाच. विकणारे बदलायचे. आपल्या मालाची तारीफ कुणीही करतो, म्हणून लोक विश्वास ठेवत नाहीत. उद्या ज्यानं त्यानं शेजाऱ्याचा माल विकायचा."

पापनाशमला मला बांगड्या मिळाल्या. मापं कळत नसल्यानं मी बायकांचे हात बघून नुसताच घाबरत होतो. बांगडीवाला माझ्या वह्या विकत होता आणि एका शाळकरी मुलीच्या वडलांना सांगत होता, "याच्याकडचा कागद शाई पीत नाही. माझी पोरगी त्यावरच लिहून बारावी झाली." हे मला त्यानं कधी सांगितलं नव्हतं. आणि भांड्यांसमोर उभे होते तलैवर. इस्त्रीची वेष्टी, कपाळावर विभूती, हातात पळी. पळी कुणासमोर धरावी हेही त्यांना सुचत नव्हतं.

एक शेतकरी जोडपं आलं. मुलीचं लग्न ठरलं होतं. बाईनं मोठ्या भांड्यावर टिचकी मारून विचारलं, "जड आहे का? टिकेल का?"

आम्ही सगळे आपापलं काम सोडून बघत राहिलो. शेवटी तलैवर म्हणाले, "बाई, मला भांड्यांतलं काही कळत नाही. माझ्या मुलीच्या लग्नात सगळी भांडी यांच्याकडून घेतली. तिला आता शाळेत जाणारी मुलं आहेत. घरात रोज त्याच भांड्यात पाणी तापतं. मला एवढंच माहीत आहे."

बाईनं भांडं बाजूला काढायला लावलं. आणखी चार जिन्नस काढायला लावले. मग अक्कांकडे वळून म्हणाली, "आणि साड्या कुठून घ्याव्यात?"

"यांच्याकडून," अक्का म्हणाल्या आणि नेसत्या साडीचा पदर पुढे केला. "हात लावून बघ. माझ्या मालकांनी मला घेतलेली ही शेवटची साडी. यांच्याच दुकानातली. किती वेळा धुतली, रंग बघ."

तलैवरांनी तो पदर पाहिला. इतकी वर्षं ही बाई आपल्याशी भांडायला येताना आपलीच साडी नेसून येत होती, हे त्यांना तेव्हा कळलं. ते वळले आणि भांडी पुसायला लागले. पुसायची गरज नव्हती.

तो टेम्पो मग तिरुवैयारूला गेला, पुन्हा ओरत्तनाडूला गेला. आणि काही दिवसांनी पापनाशमचं ते कुटुंब, काकवा-माम्या-आत्या सगळं लेंढार घेऊन, पायपुलावरून एकामागे एक चालत तिट्टूवर आलं. त्यांना सामोरे जायला तलैवर स्वतः उन्हात उभे होते. बसस्टँडजवळच्या जागेबद्दल ते पुन्हा बोलले नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही. चपलावाला आणि चष्मेवाला मात्र गेलेच. अक्कांनी त्यांना हार घातले, डबे दिले आणि पायपूल संपेपर्यंत त्यांच्याशी भांडत त्यांना पोचवायला गेल्या.

नवा पूल झाला. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी भाषणात पेठेचं कौतुक केलं आणि पहिल्या रांगेत बसलेल्या अक्कांकडे हात करून म्हणाले, "तलैवरांच्या मातोश्री आज इथं आल्या आहेत, हा आनंदाचा क्षण आहे." अक्का तलैवरांपेक्षा चांगल्या पाच-सहा वर्षांनी लहान. मांडवात कुणालाच हसू आवरेना. अक्का उठल्या, पाहुण्यांना हात जोडले आणि म्हणाल्या, "पोरगा हट्टी आहे. पण पुलाकडे लक्ष ठेवील."

पुढे गुडघ्यांनी दगा दिला. पुण्याला असलेली मुलगी त्यांना घेऊन गेली. दुकान त्यांनी भाच्याच्या हाती दिलं, किल्ली संघमच्या टेबलावर ठेवली आणि या वेळी लगेच बाहेर पडल्या. मागे वळून पाहिलं असतं तर निघणं झालं नसतं.

पुण्याहून त्यांचा रोज सकाळी फोन येई. मी इडली खात असे, फोन ताटाशेजारी ठेवलेला, आवाज मोठा केलेला. "येथें कुणास माझें मराठी कळत नाहीं रे," त्या सांगत. "खालचा भाजीवाला विचारतो, आजी, तुम्ही नाटकांत काम करत होतां काय? मी म्हणालें, मी तंजावूरची. तर म्हणतो, तिकडे मराठी असतें? मी म्हणालें, तुझ्याहून जुनें असतें." महिन्याभरात त्या भाजीवाल्याला आणि शेजारच्या फुलवालीला एका छत्रीखाली बसवून मोकळ्या झाल्या होत्या. मग तिट्टूची चौकशी. भाचा उधळपट्टी करतो काय, तलैवरांचा खोकला कसा आहे, ताकाचे रांजण ठेवले काय. शेवटी माझ्या मुलीला, मीनाला, हाक. "मीने, जेवलीस काय?" माझी बायको तमिळ, घरात तमिळच चालतं. मीनाला मराठी समजतं, पण ती कधी बोलत नसे. ती मोबाइलमधून डोकं वर न काढता तमिळमध्ये 'हो पाटी' म्हणे, म्हणजे 'हो आजी', आणि अक्का तेवढ्यावर खूश होत.

एका सकाळी त्याच वेळेला फोन वाजला. आवाज त्यांच्या मुलीचा होता. मी ऐकलं, 'बरं' म्हणालो, फोन ठेवला आणि बायकोला आणि मीनाला तमिळमध्ये सांगितलं, "संघमअक्का गेल्या."

बायको डोळ्यांना पदर लावून आत गेली. मीनानं मोबाइल पालथा ठेवला. मग ती अडखळत, एकेक शब्द शोधत, मराठीत म्हणाली, "अप्पा... त्यांस... त्रास झाली काय?"

"नाही गं," मी म्हणालो. "झोपेतच गेल्या."

"मी त्यांशीं कधीं... बोललें नाहीं," ती म्हणाली.

"आता बोल माझ्याशी," मी म्हणालो.

मग ती बोलत राहिली, चुकत, मधेच तमिळ घालत, एखादा शब्द मला विचारत. मी काही दुरुस्त केलं नाही. त्या दिवशी दुकान उघडायला फार उशीर झाला.