घळीतला पिवळा पळस

फाल्गुनात सहलीला मराठवाड्यात कोण जातं, असं आमच्या सोसायटीत सगळ्यांनी विचारून झालं. शेजारच्या काकू तर म्हणाल्या, "पळसच बघायचाय ना? मग कुठंही जा, पळसाला पानं तीनच." म्हण खरी आहे, पण आम्हाला पानं नको होती, फुलं हवी होती. आणि पळस फुलतो तेव्हा त्याच्या अंगावर पान औषधालाही नसतं. काकूंना हे सांगितलं असतं तर वाद वाढला असता, म्हणून आम्ही दोघांनी पिशव्या उचलल्या आणि स्वारगेटला गेलो.

आम्ही दोघं म्हणजे मी, चित्रकलेची निवृत्त शिक्षिका, आणि माझा नवरा अविनाश, निवृत्त इंजिनिअर. दोघांकडे एकेक रोलचा कॅमेरा आहे. मोबाईलवर फोटो निघत असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला, असं लोक विचारतात. माझं उत्तर सोपं आहे. रोलवर फोटो मोजके निघतात, त्यामुळं बटण दाबण्याआधी मी नीट बघते. अविनाशचं उत्तर पाऊण तासाचं आहे आणि ते त्यानं बार्शीपर्यंत शेजारच्या प्रवाशाला ऐकवलं. तो बिचारा तेरखेड्याचा फटाक्यांचा कारागीर निघाला. शांतपणे सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "आमच्याबी धंद्यात तसंच हाय साहेब. एकदा पेटलं की परत न्हाय."

येरमाळ्याला उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. हायवेच्या कडेला चहाची दुकानं, खव्याच्या पेढ्यांच्या पाट्या, येडेश्वरीला जाणारी माणसं, नारळाच्या राशी. एका साध्या लॉजमध्ये सामान टाकलं आणि समोरच्या खाणावळीत ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि हुलग्याचं माडगं (हुलग्याच्या पिठाचं पातळ, गरम कालवण) यांच्यावर ताव मारला. मी तीन वाट्या माडगं प्यायले. अविनाशनं एक, कारण दुसऱ्या हातानं तो कॅमेऱ्याच्या भिंगावरची धूळ पुसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टमटम करून आम्ही घळीच्या तोंडाशी उतरलो. बालाघाटाच्या डोंगरांत एका लहानशा नदीनं कातळ कापत कापत ही घळ केलेली आहे. पावसाळ्यात तिथं उभं राहता येत नसेल, पण आता पाणी डोहांपुरतं उरलं होतं आणि मधल्या खडकांवरून आरामात चालता येत होतं. माथ्यावर सगळा माळ करपलेला आणि खाली घळीत रंगांची नुसती रेलचेल. काठावर केशरी पळस, मध्येच काटेसावरीची लालभडक जाड फुलं, कपारीत धायटीचे शेंदरी झुपके, आणि वाळूत पिवळा धोतरा जणू कुणी मुद्दाम पेरल्यासारखा. भोरड्यांचे थवे पळसावर तुटून पडले होते आणि त्यांच्या भांडणात फुलं टपाटप पाण्यात पडत होती. मी एका खडकावर बसले आणि बराच वेळ कॅमेरा उघडलाच नाही. इतकं बरं वाटत होतं की कामाला लागावंसंच वाटेना.

अविनाश मात्र सुटला होता. पालथा पडून, गुडघ्यावर बसून, एकदा तर चक्क डोहात पाय घालून त्यानं फोटो काढले. दुपारी एका उंबराखाली आम्ही धपाट्यांची शिदोरी सोडली तेव्हा तो कॅमेऱ्याकडे बघत म्हणाला, "कमाल आहे. छत्तीस फोटो संपले तरी रोल पुढं सरकतोय. कंपनीनं दोन-चार जास्तच दिलेत वाटतं."

मी धपाट्याचा आणखी एक तुकडा मोडला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कधी गप्प बसायचं ते कळतं. त्यानं रोल उलटा गुंडाळण्याची खिट्टी फिरवली, ती गरगर फिरली. चेहरा पडला. रोलचं टोक आतल्या चक्रीत अडकलंच नव्हतं, आणि आता खिट्टी फिरवल्यावर ते डबीत आत गेलं, म्हणजे तो रोल पुन्हा लावायचीही सोय उरली नाही. सकाळपासून तो रिकाम्या कॅमेऱ्यानं पालथा पडत होता.

"बोल, काय बोलायचं ते," तो म्हणाला.

"मी कशाला बोलू? बसमधल्या त्या कारागिराला कळवू का?"

त्याच्या पिशवीत आणखी एक रोल होता, पण काळ्यापांढऱ्याचा. वसंतातली फुलं टिपायला काळापांढरा रोल! तो रुसून उंबराला टेकला. मी माझा कॅमेरा घेतला, सकाळभर फुलं टिपून त्यात शेवटचे चार-पाच फोटो उरले होते, आणि घळीच्या पुढच्या वळणाकडे निघाले.

वळण घेतलं आणि मी जागच्या जागी उभी राहिले. समोर, कातळाच्या पायथ्याशी, पिवळा पळस होता. केशरी नाही, फिकट नाही, हळदीसारखा पिवळाधमक. पिवळा पळस लाखात एखादा असतो असं मी कितीदा ऐकलं होतं, आणि आमच्या छायाचित्र मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात एकदा तरी तो माझ्या नावानं लागावा ही माझी जुनी हाव. पलीकडे डोंगराचा सुळका, त्याला मधोमध गेलेली चीर, चिरेतून झाडावर येणारा तिरपा उजेड. मी श्वास रोखून बटण दाबलं. फोटो साधला हे त्याच क्षणी हाताला कळलं.

"ओ बाई! काय करलालाव तिथं?"

कातळावरून एक म्हातारी शेळ्यांमधून वाट काढत खाली येत होती. हातात काठी, पदराच्या ओच्यात काहीतरी भरलेलं. जवळ आली तेव्हा दिसलं, ओच्यात पिवळ्या पळसाची गळलेली फुलं होती.

"मावशी, फोटो काढतेय झाडाचा."

"मोबाईलवर?" तिचा आवाज चढला. "पुसा आधी. माझ्या म्होरं पुसा."

मी कॅमेरा दाखवला. हा रोलचा आहे, यात फोटो दिसत नाही, गावी जाऊन धुवावा लागतो, असं समजावलं. त्यानं तर ती आणखीच सावध झाली. तिचंही बरोबर होतं. दिसत नाही तो फोटो पुसला की नाही हे तिला कळावं कसं?

मग तिनं सांगितलं. तिचं नाव कौसाबाई, वस्ती वरच्या माळावर. घळीच्या खालच्या अंगाला असाच एक पिवळा पळस होता. कुणीतरी त्याचा फोटो मोबाईलवरून गावोगाव पाठवला. पिवळ्या पळसाच्या मुळीनं गुप्तधन दिसतं, असा लोकांचा समज. "आठ दिसांत सालटं न्हाय, मुळ्या न्हाय. उभ्या उभ्या वाळला," कौसाबाई म्हणाली. "धन काय कुणाला घावलं न्हाय. झाड तेवढं गेलं."

"आणि हे झाड कुणाला माहीत नाही?"

"आमच्या घरच्यांला हाय. आमच्या पोरींच्या हळदीत ह्येचंच फूल पडतंय, बाई. माझ्या हळदीत पडलं, माझ्या लेकींच्या पडलं. आता नातीचं लगीन हाय वैशाखात." तिनं ओच्यातली फुलं वरखाली केली. "वाळवून ठिवते. ह्ये झाड गेलं तर नातीच्या लेकीला काय घालू?"

मग ती झाडामागच्या सुळक्याकडे काठी करून म्हणाली, "त्यो आला का फोटोत?"

मी हो म्हणाले. खोटं बोलायचं सुचलंही नाही.

"मंग झालं. त्यो दगुड इथलं शेंबडं पोरगंबी वळखतंय."

कॅमेऱ्यातला एकच फोटो पुसता येत नाही. फक्त मागचं झाकण उघडून सगळा रोल उन्हात धरता येतो. मी तिला ते सांगितलं आणि झाकणाच्या खटक्यावर बोट ठेवलं. मनातून अगदी रडायला आलं होतं, पण ते झाड उभं राहण्यापुढं माझा रोल काय मोठा?

"त्यानं बाकीची फुलंबी जातील व्हय?" तिनं विचारलं.

"सगळी जातील. सकाळपासूनची."

कौसाबाईनं माझं बोट खटक्यावरून बाजूला केलं. "नगं. इतक्या लांबून आलाव. शब्द द्या, त्यो फोटो कुणाला दावायचा न्हाय. आन् आता पायजे तर खाली बसा आन् वर बगून काढा. आभाळ कुटंबी सारकंच असतंय."

मी शब्द दिला. मग खरंच झाडाखाली मांडी घालून उरलेले फोटो निळ्या आभाळावर काढले. फांद्या वाऱ्यानं हलत होत्या. तोवर अविनाश मला शोधत आला, आणि काळापांढरा रोल भरून कौसाबाईच्या शेळ्यांचे फोटो काढायला लागला. शेळ्या बहुतेक काळ्या-पांढऱ्याच होत्या, त्यामुळं त्याचं काही बिघडलं नाही. निघताना कौसाबाईनं आम्हाला वस्तीवर नेऊन ताक पाजलं आणि हळदीला यायचं बजावलं. "न्हाय आलाव तर माझ्या नातीला राग यील," ती म्हणाली. नात दारात उभी राहून लाजत हसत होती.

पुण्याला आल्यावर रोल धुवायला दिला. आभाळावरची फुलं बरी आली होती, दोन जरा हललेली. आणि तो पहिला फोटो! सुळक्याच्या चिरेतून आलेला उजेड नेमका फुलांवर, मागचा कातळ सावलीत. इतकी वर्षं कॅमेरा हातात धरून असं माझ्याकडून एकदाच घडलं.

"हाच पाठव," अविनाश म्हणाला. "प्रदर्शन पुण्यात आहे. इथं कोण ओळखणार तो डोंगर?"

"शब्द दिलाय."

"अगं, फोटो आधी काढलास, शब्द नंतर दिलास."

इंजिनिअर माणूस, पळवाट बरोबर शोधतो. मी दोन दिवस ती पळवाट तोंडात विड्यासारखी घोळवली, हे कबूल करते. एकदा तर अर्जावर फोटोचं नावही लिहून टाकलं. पण प्रदर्शनाला येणाऱ्यांत प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो, आणि फोटोचा फोटो काढायला कितीसा वेळ लागतो? सोललेल्या सालीचा तो वाळका पळस मी पाहिलाही नव्हता, तरी दोन्ही रात्री डोळ्यांसमोर येत राहिला. अर्ज फाडला. आभाळावरची फुलं पाठवायचा उत्साह नव्हता, म्हणून काहीच पाठवलं नाही. प्रदर्शनात अविनाशच्या शेळ्या लागल्या आणि लोकांनी त्या उभं राहून बघितल्या. त्याचा तोरा अजून उतरलेला नाही.

वैशाखात आम्ही हळदीला गेलो. वस्तीपुढं जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव, बायकांची गाणी, आणि पितळी घंगाळात हळदीच्या पाण्यावर तरंगणारी वाळकी पिवळी फुलं. भिजून ती पुन्हा उमलल्यासारखी झाली होती. नवरीच्या कपाळाला आधी फूल टेकवलं, मग हळद लावली. कौसाबाईनं माझ्याही गालाला हळद फासली आणि अविनाशला तर कानापर्यंत माखलं.

गर्दी जेवायला बसल्यावर मी तिला बाजूला घेऊन कागदाची पुडी दिली. त्यात तो एकच फोटो होता, आणि त्याची कापून वेगळी केलेली निगेटिव्ह.

"मावशी, हा तुमचा फोटो. आणि ही पट्टी, जिच्यावरून तो निघतो. ती तुमच्याकडं राहिली की परत कुणाला तो काढता येणार नाही."

फोटो तिनं खूप वेळ पाहिला, मग चोळीच्या आत ठेवून दिला. पट्टी मात्र तिला काही उमगेना. मी ती उन्हासमोर धरून दाखवली. आभाळ विटकरी, कातळ उजळ, आणि पळसाची फुलं निळी.

"अगं बया," ती हसायला लागली. "निळा पळस! ह्यो हुडकत बसले तर जन्म जाईल की लोकांचा." मग हसू आवरून म्हणाली, "आन् ह्येच्यातनं खरा पिवळा फोटो निगतोय?"

"निघतो. पाहिजे तितके."

"कोण काढणार?"

"माझ्याकडं असली, तर मीच."

तिनं पट्टी पुन्हा कागदात गुंडाळली आणि माझ्या हातात ठेवून वरून माझी मूठ मिटवली.

"मंग तुमच्यापाशीच असू द्या. आमच्या घरात उंदरं लई हायत."

परतीच्या बसमध्ये अविनाश हळदीच्या तोंडानं झोपून गेला. मी खिडकीशी बसले होते. फुलांचा हंगाम कधीच सरला होता, बाहेर नुसता तापलेला माळ पळत होता, आणि मला तो फार आवडला. बक्षिसं मला याआधी दोन-तीन मिळाली आहेत, ती कुठं ठेवलीत तेही आठवत नाही. ती पुडी मात्र येरमाळ्यापासून घरी येईपर्यंत मी हातातच धरली होती.