लांबीखालची भेग

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. चांदपाशा गवंड्याने आयुष्यभर लोकांची बांधली, पण स्वतःची एक खोली रंगवायची वेळ आली तेव्हा त्याला घाम फुटला.

लातुरात तेव्हा गल्लीगल्लीत क्लासची पोरं भरली होती. ज्याच्या घरी न्हाणीघर रिकामं होतं, तोही त्याला खोली म्हणू लागला होता. चांदपाशाचे गुडघे गेले, काम सुटलं, तेव्हा त्याच्या बायकोने, सालेहाने, मागची खोली भाड्याने देण्याचा लकडा लावला. हदगावच्या पोस्टातले रामकिशन आपल्या मुलीला, धम्मप्रियाला, घेऊन येणार होते. पोरीला डॉक्टर व्हायचं होतं.

चांदपाशा रंगारी बोलवेना. "मी गवंडी माणूस, मला रंगारी कशाला?" असं ऐटीत सांगे. खरी गोष्ट अशी, की रंगाऱ्याने भिंत पाहिली असती तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं असतं.

त्याने सामान ओढून मधोमध आणलं, वर जुनी चादर टाकली, पंख्याला पोतं बांधलं आणि पट्टीने चुना खरवडायला लागला. पोपडे पडत गेले आणि छतापासून खिडकीपर्यंतची भेग उघडी पडली. किल्लारीच्या भूकंपातली. त्या वर्षी त्याने अर्ध्या गल्लीच्या भेगांवर सिमेंटची टिकली लावून तारीख कोरली होती. टिकली फुटली की समजायचं, भिंत अजून सरकते आहे. स्वतःच्या घरातली टिकली त्याने वरून चुना दिला तेव्हा अखंड होती. आता तिचे दोन तुकडे झाले होते.

भिंत उतरवूनच बांधायला हवी, हे त्याला कळत होतं. भूकंपापासून दहा वर्षं नवरा-बायको बाहेर ओसरीत, पत्र्याखाली झोपत होते. जिथे आपण पाठ टेकत नाही, तिथे लोकांची लेक झोपवायची?

"लांबी भरा अन् मोकळे व्हा जी," सालेहा म्हणाली. "दहा वर्सं उभी हाय. आपल्याच येळी पडायलीय का?"

त्याने खडू आणि तेलाची लांबी मळली, भेगेत दाबून भरली, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासली. हात फिरवला तर भेग कुठे होती ते त्याचं त्यालाच सापडेना. इतकं सुबक काम त्याने कुणाच्या घरी केलं नव्हतं, आणि त्याला त्याची भयंकर लाज वाटली. त्यावर अस्तराचा हात देताना त्याने भिंतीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

रामकिशन आले. खोली पाहून खूश झाले. धम्मप्रियाने उजेडासाठी खिडकीजवळ, नेमकी त्याच भिंतीला, कॉटची जागा धरली. मग सहज विचारलं, "चाचा, तुमी अन् चाची कुठं झोपता?"

"ओसरीत."

"उकडतंय म्हणून?"

"हाव" म्हटलं असतं तर विषय मिटला असता.

"न्हाई बेटी. भीतीनं," चांदपाशा म्हणाला, आणि त्याने भेग, टिकली, लांबी, सगळं सांगून टाकलं. सालेहा चहाचे कप तसेच घेऊन आत गेली. रामकिशननी ट्रंक उचलली.

"खरं बोललात, लई उपकार झाले," म्हणाले, आणि पोरीला घेऊन गेले. त्या रात्री सालेहा बुडालेलं भाडं मोजत बसली, पण त्याला हलकं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच ट्रंक समोरच्या गुरुबसप्पाच्या घरी जाताना दिसली. वरची खोली गुलाबी रंगवलेली होती. तिथली भेग चांदपाशाला पाठ होती. तीत रुपयाचं नाणं आत जायचं, आणि तिथली टिकली सहा महिन्यांतच फुटली होती. गुरुबसप्पाने तेव्हाही नुसता रंगच दिला होता.

तो दुखऱ्या गुडघ्यांनी गल्ली ओलांडून गेला आणि जिन्यापाशी रामकिशनना गाठून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चाचा, तुमाला मी चांगलं माणूस समजून राहिलो होतो," ते म्हणाले. "तुमची खोली गेली म्हणून दुसऱ्याच्या भिंतीला नावं ठेवू नका."



"मग कॉट तेवढी दाराजवळ लावा," तो कसाबसा म्हणाला. रामकिशन तोवर जिना चढून गेले होते.