अवसेच्या दिवशीची मोजणी

मोजणीदार म्हणजे फार हुशार माणूस असं ज्याला वाटतं, त्यानं आमच्या शिवारात आलेलं ते ध्यान बघायला पाहिजे होतं. निजामाच्या अमलातली गोष्ट. हैदराबादेत नवा कानून निघाला आणि गावात दवंडी पिटली: जुने बांध, बाभळी, म्हाताऱ्यांच्या आठवणी यापुढे चालणार नाहीत. साखळीनं मोजायचं. ज्याची जमीन त्यानं मोजणीदारासमोर हद्दीवर दगड दाखवायचा आणि कागदावर अंगठा द्यायचा. दगड नसेल तिथं हद्द सरळ धरायची. अंगठा नसेल तो माणूस गैरहजर.

आमची हद्द सरळ नव्हती. बाप आणि त्याचा चुलतभाऊ वेगळे निघाले तेव्हा बांध मधेच वाकवून विहीर आमच्याकडं ठेवली होती, कारण ती माझ्या आईबापांनीच खणली होती. माझ्या वेळचे दिवस गेलेले असताना आईनं तिच्यातली माती टोपल्यांनी वर काढली. बांध वळतो तिथं एक दगड रोवला की विहीर आमची. एवढंच काम होतं. एवढंच!

साहेब आले ते नेमके अवसेला. लिंबाखाली बाज टाकून बसले ते उठलेच नाहीत. उन्हात साखळी ओढायला गावचे दोघं, सावलीत असूनही छत्री धरायला तिसरा. आटवलेलं दूध प्यायले, मिशा पुसल्या आणि अर्धी जमीन बसल्या जागी डोळ्यांनीच मोजून टाकली. असल्या माणसाला मी अंगणसुद्धा झाडू दिलं नसतं.

"वळणावर दगड रोवा, जल्दी," साहेब म्हणाले.

आणि आमच्या बापानं हात जोडले. "साहेब, आज अवस हाये. अवसेला मातीला लोखंड लावत न्हाईत. अंगठाबी आज नगं. उद्या सकाळीच रोवतो."

"उद्या मी दुसऱ्या गावात."

"सरका, मी रोवते," म्हणत आई पहार घेऊन निघालीसुद्धा. बापानं ती तिच्या हातातून हिसकून घेतली. "चार लोकांत माही अब्रू घालवती का?"

बापाचा तो चुलतभाऊ, म्हणजे माझा चुलता, शेजारीच उभा होता. बांधाच्या दोन टोकांना त्याचे दोन दगड आदल्या दिवशीच रोवून झालेले. "दादा बराबर बोलून राह्यला. धर्म सोडून कसं चालंल?" असं म्हणत म्हणत त्यानं स्वतःचा अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर उठवला. हरामखोर! बापानं ते डोळ्यांनी पाहिलं, तरी त्याच्या डोक्यात उजेड पडला नाही.

साहेबांनी चुलत्याच्या दोन दगडांमधून सरळ रेघ ओढली. विहीर पलीकडं गेली. बाप दिवसभर तिथंच उभा होता आणि कागदावर लिहिलं गेलं, गैरहजर.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापानं वळणावर दगड रोवला, वर त्याला हळदकुंकू वाहिलं. काय तो थाट! मंग अंबडच्या कचेरीत गेला. मीही सोबत गेल्ते. कारकुनानं विचारलं, "मोजणीच्या दिवशी कुठं गेल्तात?"

"तिथंच व्हतो."

"मंग अंगठा कुठंय?"

"अवस व्हती," बाप म्हणाला. सगळी कचेरी खो खो हसली. मला त्या हसणाऱ्यांचा राग यायला हवा होता. बिलकुल आला नाही.

चुलत्यानं पाणी बंद केलं नाही. "इचारून न्या, माही ना न्हाई," एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून रोज सकाळी आई घागर घेऊन विहिरीपाशी उभी राहायची आणि पलीकडच्या आखाड्यावर, त्यांच्या शेतातल्या घराकडं, चुलतीला हाक मारायची, "नेऊ का वं बाई?" चुलती कधी लगेच ओ द्यायची, कधी सगळं सारवून झाल्यावर. बाप मात्र तेव्हाही अवस आली की बैल मोकळे सोडून खुशाल पडून राहायचा. साहेब परका होता, चुलता लबाड होता, त्यांच्याकडून दुसरं काय मिळणार? बाप आमचा होता. त्याला मी माफ केलं नाही आणि आजही करत नाही.

आई गेली त्या आठवड्यात तिला सारखा ताप होता. ओठ वाळून कोळ झालेले. मी तांब्या तिच्या तोंडाला लावला. तिनं तो हातानं थोपवला आणि विचारलं, "इचारून आनलं का गं?"